ओल्डहॅमच्या परिचारिका

इंग्लंडच्या उत्तर भागांत, मँचेस्टर शहराच्या ईशान्येस, ओल्डहॅम नांवाचें एक गिरणगांव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं सूत कांतण्याच्या जितक्या चात्या या एका गांवांत फिरत, तितक्या जगांतील दुसऱ्या कोणत्याहि गांवांत फिरत नव्हत्या. पुढें कापडाचा धंदा बसला, धुराडीं थंड पडलीं, आणि गांवाचें नांव जगाच्या विस्मरणांत जाण्याच्या बेतांत असतां, २५ जुलै १९७८ रोजीं रात्रीं बारा वाजण्यास तेरा मिनिटें कमी असतांना तेथील सरकारी इस्पितळांत एक मुलगी जन्मास आली. वजन पांच पौंड बारा औंस. रडण्याचा आवाज खणखणीत. तिचें नांव लुईझ ब्राऊन. मातेच्या उदराबाहेर, कांचेच्या बशींत ज्याची गर्भधारणा झाली असें हें जगांतील पहिलें मूल. वर्तमानपत्रांनीं तिला ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हटलें. वस्तुतः त्या साऱ्या प्रकरणांत टेस्ट ट्यूबचा संबंध नांवापुरताच होता. पण वर्तमानपत्रांनीं एकदां ठेवलेलें नांव कोण पुसणार?

या घटनेचा इतिहास सांगतांना दोन पुरुषांचीं नांवें घेण्याची रूढि पडली आहे. एक पॅट्रिक स्टेप्टो, ओल्डहॅमचे शस्त्रवैद्य. पोटावर लहानसें छिद्र पाडून आंत दुर्बीण सरकवावयाची आणि तीमधून बीजकोश पाहावयाचे, ही विद्या त्यांनीं इंग्लंडांत रुजविली. दुसरे रॉबर्ट एडवर्ड्स, केंब्रिजचे शास्त्रज्ञ. स्त्रीबीज शरीराबाहेर कसें पक्व होतें आणि कसें फलित होतें, याचा त्यांनीं वर्षानुवर्षें ध्यास घेतला होता. दोघेहि थोर, यांत वाद नाहीं. परंतु ज्या खोलींत हें घडलें तेथें तिसरी व्यक्तिहि होती, आणि ती शिक्षणानें परिचारिका होती. शिवाय त्या खोलीच्या दाराबाहेर, वॉर्डांत आणि शस्त्रक्रियागृहांत आणखी कितीतरी परिचारिका राबत होत्या. त्यांच्याविषयीं फारसें कोणीं सांगितलेलें नाहीं.

तिसऱ्या व्यक्तीचें नांव जीन मेरियन पर्डी. २५ एप्रिल १९४५ रोजीं केंब्रिज येथें त्यांचा जन्म झाला. शाळा संपतांच त्यांनीं त्याच शहरांतील ॲडेनब्रुक्स इस्पितळांत परिचारिकेचें शिक्षण घेतलें, कांहीं काळ साउथॅम्प्टनला नोकरी केली, मग पॅपवर्थच्या इस्पितळांत काम केलें; आणि १९६८ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, एडवर्ड्स यांस प्रयोगशाळेंत साहाय्यक हवा आहे असें कळल्यावरून त्यांनीं अर्ज केला. प्रयोगशाळेच्या कामास विज्ञानाचा पदवीधर घ्यावयाचा, ही सर्वसाधारण रीति. एडवर्ड्स यांनीं परिचारिका घेतली. ही निवड किती अचूक होती हें पुढील दहा वर्षांनीं दाखविलें.

काम केंब्रिजला आणि रुग्ण ओल्डहॅमला, अशी पहिल्यापासून अडचण. दोन्हीं गांवांमध्यें दीडशेहून अधिक मैलांचें अंतर. ओल्डहॅमहून निरोप आला कीं, एडवर्ड्स आणि पर्डीबाई मोटारींत उपकरणें भरून निघत. कित्येक दिवस तेथें राहत आणि परत येत. असें एकदां नव्हे, दोनदां नव्हे, दहा वर्षें चाललें. १९७१ सालीं ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें या कामास पैसा देण्याचें नाकारलें. लोकसंख्या वाढत असतांना मूल होण्यासाठीं खटपट कशाला, हा विचारहि त्या नकारामागें होता. आपल्याकडेहि हा युक्तिवाद अनेक शहाण्यांच्या तोंडीं ऐकूं येतो. जणूं देशाची शिरगणती कमी करण्याचें काम एका निपुत्रिक बाईनेंच अंगावर घ्यावयाचें! मंडळाचा आधार तुटला तरी काम थांबलें नाहीं. खासगी देणग्यांवर तें चालूं राहिलें. ओल्डहॅमशेजारच्या रॉयटन गांवीं डॉक्टर केर्शा यांच्या नांवाचें एक लहानसें इस्पितळ आहे, तेथें शस्त्रक्रियेची सोय झाली आणि लगतच छोटी प्रयोगशाळा उभी राहिली.

पर्डीबाई तेथें काय करीत? बीज ज्यांत वाढवावयाचें तो पोषक द्रव त्या तयार करीत. तो बिघडला तर सारें फुकट. आणि तो बिघडावयास भांड्यास लागलेला यत्किंचित् मळ पुरे होत असे. उष्णतेची पेटी त्या सांभाळीत. सूक्ष्मदर्शकाखालीं गर्भांकुर कितव्या तासास किती पेशींचा झाला, हें त्या टिपून ठेवीत. त्या काळच्या नोंदवह्या पुढें अभ्यासकांच्या हातीं आल्या तेव्हां दिसलें कीं, त्यांतील बरेंचसें लेखन पर्डीबाईंच्या हातचें आहे. ज्या गर्भांकुरापासून पुढें लुईझ जन्मली, त्याच्या पेशी विभागलेल्या प्रथम त्यांनींच पाहिल्या, असें सांगतात. एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांच्याबरोबर सव्वीस शास्त्रीय निबंधांवर त्यांचें नांव आहे. त्यांची आई आजारी पडली आणि त्यांना घरीं राहावें लागलें, तेव्हां ओल्डहॅमचें काम बंद पडलें. ज्या माणसावांचून काम बंद पडतें तो माणूस साहाय्यक कसला?

पण या शास्त्रीय कामाइतकेंच मोलाचें असें दुसरें एक काम त्यांच्या वांट्यास आलें होतें. प्रयोगशाळेंत बसणाऱ्या शास्त्रज्ञास बीज दिसतें, बाई दिसत नाहीं. परिचारिकेच्या शिक्षणाचा पहिला धडाच असा कीं, खाटेवर जें आहे तें माणूस आहे. पर्डीबाई वॉर्डांत जात आणि बायकांशीं बोलत. कालची रात्र कशी गेली, आजचें काम कसें चाललें आहे, हें त्यांच्याकडून त्या बायकांस कळे. दोन्हीं खोल्यांत ज्यांचा वावर होता अशा व्यक्ति मोजक्याच, आणि त्यांपैकीं परिचारिकेच्या नजरेनें पाहणाऱ्या त्याच.

त्या बायकांचा तेथील दिनक्रम समजून घेण्याजोगा आहे. प्रारंभीं अंतःस्रावांचीं औषधें टोंचून बीजें पक्व करीत. त्यानें गर्भ टिकेना, म्हणून १९७७ सालीं औषधें सोडून देऊन स्त्रीच्या नैसर्गिक पाळीवर विसंबण्याचें ठरलें. परंतु नैसर्गिक पाळींत बीज एकच, आणि तें केव्हां पक्व होईल हें निसर्ग ठरविणार. बीज सुटण्यापूर्वीं शरीरांत एका अंतःस्रावाची लाट येते आणि ती लघवींत उतरते. ती नेमकी केव्हां सुरू झाली हें कळलें तरच शस्त्रक्रियेची वेळ ठरवितां येई. म्हणून दर तीन तासांनीं, दिवसा आणि रात्रींहि, प्रत्येक बाईची लघवी घेऊन तपासावयाची. मध्यरात्रीं उठवावें, पहांटे पुन्हां उठवावें. भांडें नेणारी परिचारिका, चिठ्ठीवर वेळ लिहिणारी परिचारिका, आणि झोंपमोड झालेल्या बाईची समजूत घालणारीहि परिचारिकाच. लाट मध्यरात्रीं आली तर शस्त्रक्रिया त्या हिशेबानें दुसऱ्या रात्रींच्या अवेळीं. निसर्गास इस्पितळाचें वेळापत्रक ठाऊक नसतें.

या अवेळीं शस्त्रक्रियागृह उघडें कोण ठेवणार? तें काम म्युरिअल हॅरिस यांचें. शस्त्रक्रियागृहाच्या त्या मुख्य परिचारिका. त्यांनीं आपल्या हाताखालच्या परिचारिकांची एक तुकडी जमविली, आणि या मंडळींनीं आपल्या नेमल्या कामाच्या तासांपलीकडे, आपखुशीनें, या शस्त्रक्रियांना हात दिला. हत्यारें उकळणें, दिवे, गुंगीची तयारी, बीज आल्याबरोबर तें शेजारच्या खोलींत पोंचविण्याची घाई, हें सारें या तुकडीनें केलें. लहान गांवच्या इस्पितळांत अशा परिचारिका असतात. त्यांच्यावर कोणी ग्रंथ लिहीत नाहीं.

आतां एक हिशेब पाहिला पाहिजे, कारण त्यावांचून या परिचारिकांचें काम कळणार नाहीं. १९६९ पासून १९७८ पर्यंत ओल्डहॅमच्या या प्रयत्नांत २८२ स्त्रिया सहभागी झाल्या. त्यांच्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया ४५७ वेळां झाली. गर्भांकुर गर्भाशयांत ठेवण्याचा प्रयत्न ११२ वेळां झाला. त्यांतून गर्भ राहिला पांच वेळां. आणि जिवंत मूल हातीं आलें दोन वेळां: एक लुईझ, आणि दुसरा १४ जानेवारी १९७९ रोजीं ग्लासगो येथें जन्मलेला मुलगा, अलिस्टर मॅक्डोनल्ड.

म्हणजे २८० स्त्रिया रिकाम्या ओटीनें घरीं परतल्या. जगानें ब्राऊन दांपत्याचा आनंद पाहिला. वॉर्डांतल्या परिचारिकांनीं या २८० जणींचे चेहरे पाहिले. ‘या वेळीं साधलें नाहीं’ हें वाक्य एकेका बाईस किती वेळां सांगावें लागलें असेल! कित्येक जणी दोनदां, तिनदां, त्याहून अधिक वेळां आल्या. या वॉर्डांतल्या बायकांमध्यें आपसांत मैत्री जडे, एकीची बातमी दुसरीस कळे, आणि एकीचें अपयश सर्वांच्या उशाशीं येऊन बसे. अशा ठिकाणीं शुश्रूषा म्हणजे जखमेची पट्टी बदलणें नव्हे. ती तर दोन दिवसांत भरून येई. ज्या दुःखास शरीरावर खूण नाहीं त्याची शुश्रूषा तेथें करावयाची होती, आणि तिचें शिक्षण त्या काळीं कोणत्याहि परिचारिकेस कोणीं दिलेलें नव्हतें.

येथेंच या इतिहासांतील सर्वांत नाजूक प्रश्न येतो. या बायकांना काय सांगितलें होतें?

लेस्ली ब्राऊन या ब्रिस्टलच्या. नवरा रेल्वेंत कामाला. बीजवाहिन्या बंद असल्यामुळें नऊ वर्षें मूल झालें नव्हतें. १० नोव्हेंबर १९७७ रोजीं त्यांचें बीज काढलें आणि १२ नोव्हेंबरला आठ पेशींचा गर्भांकुर परत ठेवला. पुढें १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनांत त्यांनीं सांगितलें कीं, या रीतीनें पूर्वीं कधीं मूल झालें होतें असें डॉक्टर बोलल्याचें आपणांस आठवत नाहीं, आणि आपण विचारलेंहि नाहीं; अशीं शेंकडों मुलें जन्मलीं असतील अशी आपली आपली समजूत होती. म्हणजे आपण जगांतील पहिली माता होणार आहोंत, हें त्या मातेस ठाऊक नव्हतें!

या एका कबुलीवरून पुढें पुष्कळ टीका झाली. टीकाकार म्हणाले, बाईस अंधारांत ठेवलें. दुसऱ्या बाजूनें असें दाखविण्यांत आलें कीं, काम प्रायोगिक आहे आणि यशाची हमी नाहीं हें रुग्णांना सांगण्याची तेथें रीति होती. दोन्हीं गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, आणि बहुधा तशाच असाव्या. नऊ वर्षें वाट पाहिलेल्या बाईस डॉक्टर ‘कदाचित्’ म्हणतात, तेव्हां तिच्या कानावर ‘होईल’ एवढेंच पडतें. सांगणें आणि समजणें यांमध्यें जें अंतर आहे तें एकदां सांगून कापलें जात नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, डॉक्टर निघून गेल्यावर, ‘काल काय म्हणाले तें कळलें का?’ असें विचारणारें कोणी लागतें. ओल्डहॅमला तें काम व्हावें तितकें झालें नाहीं, असें म्हणणें भाग आहे. त्या परिचारिकांचा यांत दोष नाहीं; तें काम त्यांचें आहे असें तेव्हां कोणी मानीतच नव्हतें.

नवलाची गोष्ट अशी कीं, परिचर्येच्या आद्य आचार्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं हा धोका पूर्वींच हेरला होता. १८५९ सालच्या त्यांच्या परिचर्येवरील पुस्तकांत, रुग्णास पोकळ आशा दाखविणारे आणि न मागतां सल्ले देणारे यांच्यावर एक संबंध प्रकरण आहे. खोट्या धीरानें रुग्ण थकतो, त्यास कोणाशींहि मोकळेपणीं बोलतां येत नाहीं, हें त्यांचें म्हणणें. हें वाचतांना आपल्या घरांतील मूल नसलेली सून डोळ्यांपुढें येते. अमक्या देवास नवस बोल, तमक्या वैद्याकडे जा, शेजारणीच्या भाचीस बारा वर्षांनीं झालें. आणि सगळ्यांत जाचक सल्ला म्हणजे, ‘तूं काळजी करतेस म्हणूनच राहत नाहीं.’ सल्ला देणारी उठून जाते. ऐकणारीस रात्र काढावयाची असते.

शेवटच्या सल्ल्याविषयीं शास्त्राचें म्हणणें आतां स्पष्ट झालें आहे. २०११ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानें चौदा अभ्यासांतील ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून छापली. उपचारापूर्वीं ज्यांचें मन अधिक चिंताग्रस्त होतें त्यांना यश कमी आलें काय, हा प्रश्न होता. तसा संबंध आढळला नाहीं. चिंता हलकी करावयास हवी ती बाईच्या सुखासाठीं. मूल न होण्याचें खापर तिच्या चिंतेवर फोडण्यास आधार नाहीं. ही एक गोष्ट जरी परिचारिकेनें नवऱ्याला आणि सासूला बसवून सांगितली, तरी कित्येक घरांतील वातावरण पालटेल.

लेस्ली ब्राऊन यांना गर्भ राहिल्याची कुणकुण वर्तमानपत्रांना लागली तेव्हां ओल्डहॅमच्या परिचारिकांची वेगळीच कसोटी लागली. बाईस खोट्या नांवानें इस्पितळांत ठेवावें लागलें. बातमीदार दारांत, खिडक्यांखालीं आणि जिन्यावर. इस्पितळांत बाँब ठेवल्याचा खोटा फोनहि कोणीं तरी केला, आणि आजारी माणसांना बाहेर काढावें लागलें. या सगळ्यांत बाईचा रक्तदाब वाढलेला. सिझेरियन शस्त्रक्रिया कोणत्या रात्रीं होणार हें अगदीं मोजक्यांनाच ठाऊक होतें. एका बातमीची किंमत हजारों पौंड झाली असतां ज्यांनीं तोंड मिटून ठेवलें, त्यांचा पगार काय होता हें कोणासहि तर्कानें कळेल.

स्टेप्टो वयोमानानें सरकारी नोकरींतून निवृत्त झाले आणि काम पुन्हां उघड्यावर पडलें. केंब्रिजजवळ बोर्न नांवाच्या खेड्यांत एक जुना सरदारी वाडा होता. तो पर्डीबाईंनीं शोधून काढला. १९८० सालीं तेथें बोर्न हॉल क्लिनिक सुरू झालें. केवळ याच उपचारासाठीं निघालेलें जगांतील तें पहिलें रुग्णालय. वाड्यांत जागा अपुरी, म्हणून हिरवळीवर तयार खोल्या आणून ठेवल्या आणि त्यांत बायकांच्या खाटा मांडल्या. दर तीन तासांची लघवी येथेंहि चुकली नाहीं. जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या बायका रात्रीं अपरात्रीं हातांत भांडें घेऊन हिरवळ ओलांडीत, आणि त्यांत त्यांचा थट्टाविनोदहि चाले. दुःख समान असलें म्हणजे हंसणेंहि समान होतें.

पर्डीबाई तेथें तांत्रिक संचालक होत्या. त्यांना त्वचेचा कर्करोग झाला. हिंडणें फिरणें कठीण झालें तेव्हां त्यांच्यासाठीं वाड्यांतच एक खोली राखून ठेविली, म्हणजे काम त्यांच्या डोळ्यांआड होऊं नये. १६ मार्च १९८५ रोजीं त्या वारल्या. वय अवघें ३९. त्यांच्या हयातींत या उपचारानें ३७० मुलांची गर्भधारणा त्यांच्या कामांतून झाली होती. स्टेप्टो १९८८ सालीं गेले. २०१० सालचें नोबेल पारितोषिक एडवर्ड्स यांस मिळालें. मृतास तें देत नाहींत, तेव्हां इतर दोघांचा प्रश्नच उद्भवला नाहीं.

यानंतर उपचाराची पद्धति जसजशी बदलली तसतसें परिचारिकेचें कामहि बदललें, आणि त्यांत शिकविण्याचा भाग वाढला. एका बीजावर विसंबण्याऐवजीं पुन्हां औषधें टोंचून अनेक बीजें पक्व करण्याची रीति रूढ झाली. हें औषध पुष्कळ वर्षें पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीपासून काढीत, आणि इटलींतील जोगिणींच्या मठांतून त्यासाठीं लघवी गोळा होत असे. ज्यांनीं मातृत्वाचा त्याग केला त्यांच्यामुळें इतरांना मातृत्व मिळालें! तें औषध कुपींत विरघळवून स्नायूंत खोल टोंचावें लागे, म्हणून रोज परिचारिकेकडे खेप. १९९५ च्या सुमारास प्रयोगशाळेंत बनविलेलें औषध निघालें. तें कातडीखालीं टोंचतां येतें, आणि बाई स्वतःच्या हातानें घरीं टोंचूं लागली. म्हणजे ज्या कामास परिचारिका तीन वर्षें शिकते, तें एका बाईस अर्ध्या तासांत शिकवावयाचें आलें. सुई कोठें धरावी, औषध थंड जागीं कसें ठेवावें, हें तर सोपें. खरें अवघड शिकवणें म्हणजे शेवटच्या इंजेक्शनाची वेळ. बीजें काढण्यापूर्वीं सुमारें छत्तीस तास आधीं तें घ्यावयाचें असतें. रात्रीं दहाचें बाराला घेतलें तर सगळा हिशेब कोलमडूं शकतो. ‘डॉक्टरांनीं सांगितलें म्हणून’ वेळ पाळणारी बाई पाहुणे आले म्हणजे वेळ चुकविते. कां पाळावयाची हें जिला कळलें ती सहसा चुकवीत नाहीं.

तसेंच धोक्याच्या खुणांचें. या औषधांनीं बीजकोश कधीं कधीं प्रमाणाबाहेर फुगतात. पोट तटतटणें, दोन दिवसांत वजन भराभर वाढणें, दम लागणें, लघवी कमी होणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर सकाळची वाट न पाहतां निरोप धाडावयाचा, हें आधींच सांगून ठेवलें पाहिजे. न सांगितल्यास आपली बाई तें अंगावर काढते. उपचार कोणास कळूं नयेत म्हणून घरांत बोलतहि नाहीं.

उलट, पूर्वीं शिकविलेल्या कांहीं गोष्टी सोडून द्याव्या लागल्या. गर्भांकुर ठेवल्यावर बाईनें तासन् तास निजून राहावें, असा पूर्वीं दंडक होता. पुढें पडताळून पाहतां असें दिसलें कीं, तशा निजून राहण्यानें यश वाढत नाहीं. तथापि आपल्याकडे अजूनहि कित्येक बायका पंधरा पंधरा दिवस खाट सोडीत नाहींत, आणि अपयश आलें म्हणजे ‘त्या दिवशीं जिना चढलें’ म्हणून जन्मभर स्वतःस दोष देतात. येथें परिचारिकेचें एक वाक्य औषधासारखें आहे, मात्र तें अपयशाच्या आधीं सांगावयास हवें.

आंकड्यांची गोष्टहि अशीच. ओल्डहॅमचाच हिशेब घ्यावा. गर्भांकुर ठेवण्याच्या ११२ प्रयत्नांत पांच वेळां गर्भ राहिला, असें म्हटलें तर यश शेंकडा साडेचार होतें. २८२ स्त्रियांपैकीं दोघींस मूल झालें, असें म्हटलें तर तें शेंकडा एकहि भरत नाहीं. दोन्हीं विधानें खरीं, वही एकच. आतां यश पुष्कळ वाढलें आहे; पण जाहिरातींतील आंकडा गर्भ राहण्याचा कीं मूल हातीं येण्याचा, उपचार सुरू केलेल्या सर्वांचा कीं शेवटच्या पायरीपर्यंत पोंचलेल्यांचा, आणि कोणत्या वयाच्या स्त्रियांचा, हें विचारण्यास बाईस कोणीं तरी शिकविलें पाहिजे. घर गहाण ठेवून उपचारास आलेल्या कुटुंबाचा तो हक्क आहे.

कायद्यानेंहि हें हळूहळू मान्य केलें. ब्रिटनमध्यें १९८४ सालीं वॉर्नॉक समितीनें समुपदेशनाची शिफारस केली, आणि १९९० च्या कायद्यानें तशी संधि देणें बंधनकारक झालें. आपल्या देशांत त्याच लुईझच्या वर्षीं, ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानें अशीच एक मुलगी जन्मली. सरकारी समितीनें त्यांचा दावा झिडकारला, आणि १९८१ सालीं त्या खचलेल्या माणसानें आपला जीव दिला. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईस, महानगरपालिकेच्या के. ई. एम. इस्पितळांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून एका मुलीचा असा जन्म झाला. त्या प्रयत्नांत परळच्या प्रजननसंशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार सहभागी होते, आणि पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा आहे हें पुढें त्यांनींच १९९७ सालीं जाहीरपणें मांडलें. असा उमदेपणा विरळा. भारताचा या विषयावरील कायदा मात्र २०२१ सालीं झाला. उपचारापूर्वीं त्याची यशाची शक्यता, खर्च, त्रास आणि धोके हें सर्व दांपत्यास समजावून सांगणें त्यानें रुग्णालयांवर बंधनकारक केलें आहे. कागद सहीस पुढें सरकविला म्हणजे समजावणें झालें काय, हें कायद्यास पाहतां येत नाहीं. तें टेबलाच्या पलीकडे बसलेल्या परिचारिकेसच दिसतें.

ओल्डहॅमची एक गोष्ट राहिली. लुईझच्या जन्मानंतर तेथील आरोग्य खात्यानें या कार्याच्या स्मरणार्थ एक पाटी लावण्याचें ठरविलें. मजकुरांत स्टेप्टो आणि एडवर्ड्स हींच नांवें. एडवर्ड्स यांनीं खात्यास लिहून कळविलें कीं, जीन पर्डी दहा वर्षें आपल्याबरोबर ओल्डहॅमला येत होत्या आणि या कार्यांत त्यांचा वांटा आपल्या इतकाच आहे. त्यांचें नांव आलेंच पाहिजे. तें आलें नाहीं. हीं पत्रें केंब्रिजच्या दप्तरांत पडून होतीं, तीं २०१९ सालीं लोकांपुढें आलीं. दरम्यान २०१५ सालीं केर्शा इस्पितळाच्या भिंतीवर नवी निळी पाटी बसविण्यांत आली होती. तें इस्पितळ आतां असाध्य रोग्यांचें शुश्रूषागृह झालें आहे. या पाटीवर स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांच्या नांवांबरोबर जीन पर्डी यांचेंहि नांव आहे.